काकू, खरंच मारू?

ठाण्यात आमच्या आयकिडो या जपानी युद्धकलेच्या वर्गात पाचव्या क्यूच्या (सुरुवातीच्या श्रेणीच्या) परीक्षेसाठी सरांनी माझी जोडी इंजिनीअरिंगला असलेल्या एका उंच मुलाशी लावली. पहिल्याच सरावात अडचण कळली. तो मला मारायलाच तयार नव्हता. हात वर न्यायचा, खाली आणायचा आणि माझ्या कपाळाच्या वीतभर अलीकडे थांबवायचा. "काकू, तुम्हाला कसं मारू?" संस्कार चांगले, पण इक्क्यो, म्हणजे हात-कोपर धरून समोरच्याला खाली नेण्याचं तंत्र, काही जमेना.

इक्क्योत समोरून येणाऱ्या हाताचा जोर घेत पुढे शिरायचं असतं. हात मध्येच थांबला तर घ्यायला काही उरत नाही. मग आपण त्याचं कोपर ढकलत बसतो आणि तो बिचारा आपणहून खाली बसतो. लांबून छान दिसतं. आयकिडोला ठरवून केलेला नाच म्हणून हिणवणारे लोक हेच बघून बोलतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही असं माझं मत आहे.

सरांनी तंत्रं बंद केली आणि आमच्या हातात बोक्केन, म्हणजे लाकडी तलवारी, दिल्या. शोमेनउची सरळ कपाळावर, योकोमेनउची तिरकी कानशिलावर किंवा मानेवर. हे दोन्ही वार तलवारीच्या वारावर बेतलेले. नुसत्या खांद्याने मारलं की लाकडी तलवारीचं टोक वाकडं जातं, चोरी लगेच पकडली जाते. सकाळी उपवन तलावाशी आम्ही सुबुरी, म्हणजे हवेतच वारांचा सराव, करायचो. फिरायला आलेले आजोबा थांबून "दांडपट्टा का?" म्हणून विचारायचे. "नाही, जपानी आहे," म्हटलं की जरा नाराज होऊन पुढे जायचे.

मग पॅडवर, आणि मग एकमेकांवर. सरांचे नियम दोनच. समोरचा हललाच नाही तर वार लागला पाहिजे. आणि तो हलला तर हाताने त्याचा पाठलाग करायचा नाही. दुसरा नियम जास्त अवघड, कारण पुढे कुठलं तंत्र येणार हे मारणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. वेग हवा तेवढा कमी करा, पण वाराची रेघ सोडू नका, असं ठरल्यावर मुलाची भीती गेली. वार पोचवायचाच म्हटल्यावर दोघांमधलं अंतरही आपोआप नीट झालं. पूर्वी आम्ही कुठेही उभे राहायचो.

माझ्या बाजूचं काम आतेमीचं, म्हणजे तंत्र करताकरता आपण द्यायचा फटका. आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) हे ताकेदा सोकाकू यांच्याकडे दाइतो-र्यू जुजुत्सू ही जपानी युद्धकला शिकले होते; फटके त्या वारशातच आहेत. उएशिबांचे शिष्य मोरिहिरो साइतो यांच्या इवामा पद्धतीत तर शोमेनउची इक्क्योची सुरुवातच तंत्र करणारा करतो. त्याचा हात समोरच्याच्या तोंडावर जातो, समोरचा अडवायला हात वर आणतो, तिथे तंत्र सुरू. शिहोनागे या फेकण्याच्या तंत्रात मोकळा हात चेहऱ्याकडे जातो तो नाक फोडायला नाही. माणूस मान मागे घेतो, वजन टाचांवर जातं, धरलेला हात सैल पडतो. हे मला जड गेलं नाही. दोन मुलगे वाढवलेत.

परीक्षा एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. तंत्रांची जपानी नावं पुकारली गेली, जोडीदार मुलाचा पहिलाच वार असा आला की न हलण्याचा प्रश्नच नव्हता. मी आत शिरले, तो गादीवर गेला, आणि या वेळी खरोखर गेला. पाडल्यावर माझी नजर त्याच्यावरून हटते, एवढा एक शेरा मिळाला. दोघं पास.

आता त्सुकी कोतेगाएशी, म्हणजे ठोसा मारणाऱ्याचं मनगट पिळून त्याला पाडणं. बहुतेक जण ठोसा मारून हात तसाच लांब ठेवतात, मनगट आयतं मिळतं. माझा जोडीदार मधल्या काळात बॉक्सिंगलाही जायला लागलाय. त्याची मूठ गेली तशी परत येते, आणि माझ्या हाती नुसती बाही लागते. सर म्हणतात, मनगटामागे धावू नका; ठोसा निघतानाच बाजूने आत जा आणि हात मागे येईल तेव्हा त्याच्यासोबत या. सध्या तेच चाललंय, "काकू, अजून जोरात मारू का?" हे विचारत.