अकरा नंबरचे पाच चेंडू

शनिवारी सकाळी पावणेसातला मी शाळेच्या फील्ड हाऊसमध्ये शिरले, ती मीच लिहिलेला एक अहवाल मागे घ्यायला. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.

टेक्सासमधल्या एका गावच्या शाळेत मी गणित शिकवते. ह्यूस्टनपासून गाडीने दीड तास. ऑगस्टच्या शेवटी मोसम सुरू झाला की शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव शाळेच्या मैदानावर लोटतं. मी मूळची कोल्हापूरची. शाहू स्टेडियम, पाटाकडील आणि खंडोबा तालमीचे सामने, पेठापेठांतली ईर्षा, हे बघत वाढले, त्यामुळे फुटबॉल म्हटला की तो पायानेच खेळायचा. इथला म्हणजे अमेरिकन फुटबॉल. त्याचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, आणि तो हाताने फेकतात. तीन वर्षांपूर्वी मुख्य कोचना प्रत्येक पासची नोंद ठेवणारं कुणीतरी हवं होतं. गणिताची शिक्षिका म्हणून त्यांनी मला विचारलं आणि मी हो म्हटलं. तेव्हापासून प्रत्येक सामन्यानंतर मी व्हिडिओ लावून बसते. पास कुणाला होता, तो झेलायला पळणारा रिसीव्हर कोणत्या रूटवर पळाला, चेंडू कुठे पोचला, झेलला की सुटला, सगळं तक्त्यात भरते.

रूट म्हणजे रिसीव्हरने पळायची ठरलेली वाट. कर्लमध्ये सरळ बारा यार्ड पळायचं आणि गर्रकन मागे वळून दहा यार्डांवर यायचं. डिगमध्ये तेवढंच पळून काटकोनात आत वळायचं. क्वार्टरबॅकने, म्हणजे पास फेकणाऱ्याने, चेंडू सोडायचा असतो तो रिसीव्हर वळण्याच्या आधी. वळून मान वर केली की चेंडू हवेत दिसला पाहिजे. हे जमलं तर बचाव करणारा मुलगा दोन पावलं मागे राहतो. चेंडू अर्धा सेकंद उशिरा आला, तर तोच मुलगा रिसीव्हरच्या पाठीला चिकटलेला असतो.

त्या वर्षी पहिले दोन सामने आम्ही हरलो. दोन्ही मिळून ५८ पास, त्यांतले २९ पूर्ण. नऊ चेंडू अगदी हातात येऊन सुटलेले, आणि त्या नवांतले पाच एकट्या अकरा नंबरच्या हातून. अकरा नंबर म्हणजे अकरावीतला एक उंच, अबोल मुलगा. माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसतो. पहिल्या सामन्यानंतर त्याच्या नावापुढे मी लिहिलं होतं: "हात कच्चे." त्याच्या जागेचा दुसरा दावेदार चौऱ्याऐंशी नंबर, बारावीतला. त्याच्याकडे बारा पास आले, दहा झेलले, एकही सुटला नाही. दुसऱ्या सामन्यानंतर, शुक्रवारी रात्री, पार्किंगमध्ये कोच म्हणाले, "सोमवारी चौऱ्याऐंशीला वर घेतो. तुमचे आकडे पण तेच सांगताहेत."

घरी येऊन जेवायला बसले, पण घास उतरेना. शितावरून भाताची परीक्षा करतात ती एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेल्या भाताची. हे दोन सामने तसे कुठे होते? पहिल्या संघाचे कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारे बचावपटू, आमच्या रिसीव्हरपासून आठ यार्ड लांब उभे राहत होते, दुसऱ्या संघाचे अगदी छातीला छाती लावून. शिवाय अठ्ठावन्न पासांत दोन डझन मुलांचं काम मिसळलेलं होतं. वर्गात मी मुलांना सांगते की नमुना लहान असेल तर सरासरी बोलायला लागण्याआधी तिला गप्प करा. आणि इथे मी एका मुलाची जागा नऊ चेंडूंवर ठरवू देत होते.

लॅपटॉप उघडला. आमच्याकडे दोन कॅमेरे असतात. एक प्रेक्षकांच्या वरच्या खोलीतून आडवं मैदान दाखवतो, दुसरा मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यामागे, म्हणजे एंड झोनच्या मागे, उंच खांबावर असतो. मी नेहमी पहिल्यावरून तक्ता भरत असे, कारण त्यात चेंडू कुठे पडला ते नीट दिसतं. त्या रात्री दुसरा लावला. अकरा नंबरचे पाच चेंडू एकामागून एक पाहिले. चार कर्ल किंवा डिगवरचे, पाचवा बाहेर वळणाऱ्या आउटवरचा. तिसऱ्यांदा पाहताना मला खो-खोचं मैदान आठवलं.

शाळेत असताना मी खो-खो खेळायचे. पाटीवर बसलेली मुलगी खो मिळेपर्यंत उठू शकत नाही. पाठलाग करणारीने अर्धं पाऊल उशिरा खो दिला की पळणारी निसटते, आणि लोक ओरडतात ते नुकत्या उठलेल्या मुलीच्या नावाने. तिनेच तर सोडलं, सगळ्यांनी पाहिलं! उशिरा आलेला खो कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. मी स्वतः अशी बोलणी खाल्ली आहेत, आणि आता तसेच शब्द मी दुसऱ्याच्या मुलासाठी लिहिले होते.

मग फ्रेम मोजायला घेतल्या. व्हिडिओ सेकंदाला तीस फ्रेमचा. स्नॅपपासून, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे दिला जातो तिथपासून, तो त्याच्या हातातून सुटेपर्यंत किती फ्रेम जातात, एवढंच बघायचं होतं. कर्ल-डिगसाठी आमच्या संघाचा ठरलेला वेळ साधारण सत्तर फ्रेमचा, म्हणजे सव्वादोन सेकंदांहून किंचित जास्त. त्या चार चेंडूंना पंच्याऐंशी ते नव्वद लागले होते. चारही वेळा अकरा नंबर वळून थांबला होता, पंजे उघडून वाट बघत होता, आणि चेंडू आला तेव्हा बचाव करणाऱ्याचा हात त्याच्या काखेतून आत शिरत होता. आउटवरचा पाचवा मात्र त्याचाच. चेंडू वेळेवर आणि छातीवर आला होता, त्याने पकडायच्या आधीच मान पुढे वळवली.

उशीर का होत होता ते एंड झोनचा कॅमेरा उघड दाखवत होता. आमचा लेफ्ट टॅकल, म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ राखणारा मुलगा, ऑगस्टच्या सरावात घोटा दुखावून बसला होता. त्याच्या जागी दहावीतला मुलगा उभा होता. समोरचा बाहेरून धावत आला की त्याचे पाय गुंतत. मग क्वार्टरबॅकला पुढे सरकावं लागे, पुन्हा पाय रोवावे लागत, आणि तेवढ्यात पंधरा-वीस फ्रेम जात.

हे माझ्या तक्त्यात का आलं नाही, याचं उत्तर हिशेबाच्या पद्धतीत होतं. क्वार्टरबॅक चेंडूसकट पाडला गेला की एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, ते गमावलेले यार्ड संघाच्या पासिंगमधून वजा होतात. शाळा-कॉलेजांत ते रनिंगच्या, म्हणजे चेंडू घेऊन पळण्याच्या, खात्यात टाकतात. दोन सामन्यांत आमच्या मुलाला सहा वेळा पाडलं होतं आणि माझ्या पासिंगच्या कागदावर त्यातलं एकही नव्हतं. पासर रेटिंगचं, म्हणजे पास फेकणाऱ्याच्या गुणांकाचंही तेच. एनएफएलने १९७३ साली स्वीकारलेला हा आकडा पूर्ण पासांचं प्रमाण, यार्ड, टचडाउन (पासवर थेट एंड झोनमध्ये मिळालेले गुण) आणि इंटरसेप्शन (समोरच्या संघाने झेललेले पास) या चार गोष्टींतून काढतात. जास्तीत जास्त १५८.३. तो फेकणाऱ्याच्या नावावर लागतो, पण झेलणाऱ्याच्या हातून काय सुटलं आणि त्याला राखणाऱ्या मुलांची पुढची भिंत कितीदा कोसळली, हे त्यात वेगळं दिसत नाही.

रात्री दोनच्या सुमारास मी आणखी एक मोजणी केली. ही मी पहिल्या दिवसापासून करायला हवी होती. ज्या वेळी चेंडू आलाच नाही, तेव्हा रिसीव्हर मोकळा होता का? अकरा नंबर ३७ वेळा खोल पळाला, त्यांतल्या २३ वेळा त्याच्या आणि बचाव करणाऱ्याच्या मध्ये दोन हात तरी अंतर होतं. चौऱ्याऐंशी ३० वेळा पळाला, मोकळा झाला ९ वेळा. त्याच्या दहा झेलांपैकी सात स्क्रीन पास होते, चेंडू जिथून सुरू होतो त्या रेषेच्याही मागे, आजूबाजूला कुणी नसताना हळूच टाकलेले. तो मेहनती मुलगा आहे. पण त्याचे दहा झेल आणि अकराचे सहा एका तराजूत घालता येत नव्हते.

तर सकाळी हे सगळं घेऊन मी कोचसमोर बसले. कॉफीचा दुसरा कप होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. नुसते व्हिडिओ पुढे-मागे करत राहिले. त्यांचं वय साठीच्या आसपास, पस्तीस वर्षं हेच काम. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुम्हाला म्हणायचंय, दोष टॅकलचा."

त्या प्रश्नाने मी गोठले. रात्रभर मी अकराला सोडवत होते आणि सकाळी पंधरा वर्षांच्या दुसऱ्या पोराला पुढे ढकलत होते. म्हटलं, "मला दोष कुणाला द्यायचा नाही, कोच. उशीर कुठे सुरू होतो तेवढं शोधायचंय."

"मग नीट शोधू," ते म्हणाले. "तुमचे उशिराचे चेंडू सामन्यात पडले त्या क्रमाने लावा."

मी सरासरी काढली होती, क्रम पाहिला नव्हता. दोन्ही सामन्यांत मिळून कर्ल-डिगचे बावीस पास होते. ते ओळीने लावल्यावर पहिले सहा वेळेत निघाले, सगळेच्या सगळे. उरलेल्या सोळांपैकी अकरा उशिरा. सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये काय घडलं? पहिल्या सामन्याचा दुसरा क्वार्टर, म्हणजे चार भागांतला दुसरा. डाव्या बाजूने आलेल्या मुलाने आमच्या क्वार्टरबॅकला न दिसता, पाठीमागून, पूर्ण वेगात आदळलं होतं. तो उठला, हात वर करून बरा असल्याची खूण केली, ट्रेनरने तपासलं, खेळ चालू राहिला.

कोचनी उशिराचे अकरा पास परत लावले आणि पडद्यावर क्वार्टरबॅकच्या हेल्मेटवर बोट ठेवलं. "याचे डोळे बघा." सात वेळा टॅकल खरंच हरला होता. पण चार वेळा त्याच्या आसपास कुणीही नव्हतं, भिंत शाबूत होती, तरीही आमच्या मुलाची मान रिसीव्हरवरून निघून डावीकडे खाली जात होती. येणाऱ्याला शोधत होती. मग परत वर, मग फेक. त्या हरवलेल्या फ्रेम तिथे होत्या. मी तासन् तास तीच दृश्यं पाहिली होती आणि मला फक्त चेंडू दिसला होता.

"हे मला दिसायला हवं होतं," कोच हळू आवाजात म्हणाले. "त्या फटक्यानंतर मी त्याला फक्त विचारलं, ठीक आहेस ना. तो हो म्हणणारच."

पुढे पास फेकायची परवानगी या खेळात १९०६ साली मिळाली. सुरुवातीच्या काही वर्षांत पास अपुरा राहिला तर संघाला १५ यार्डांची शिक्षाही होई. ती शिक्षा केव्हाच गेली. सुटलेल्या चेंडूकडे मात्र लोक अजून गुन्ह्यासारखंच बघतात, आणि गुन्हेगार म्हणून सापडतो तो शेवटी हात लावणारा. मी ते बोलून दाखवलं, तर कोचनी जेरी राइसची आठवण काढली. १९८५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात नवा आला तेव्हा त्याच्या हातून इतके चेंडू सुटत की घरचेच प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत. त्या मोसमात त्याने ४९ झेल घेतले, आणि निवृत्त होईपर्यंत १,५४९. कोच म्हणाले, "आपला अकरा नंबर राइस नाही. पण राइसलाही कुणी सप्टेंबरात खाली बसवलं असतं तर?"

पुढचं काम तासाभरात झालं. फळीत कुणालाच हलवायचं नाही. खोल पासच्या वेळी रनिंग बॅकने, म्हणजे एरवी चेंडू घेऊन पळणाऱ्या मुलाने, आधी डाव्या बाजूला टॅकलला मदत करायची, मग सुटायचं. कर्ल दोन यार्डांनी आखूड. आणि क्वार्टरबॅकला रोज पंधरा मिनिटं असा सराव, की दोन मुलं बाजूने फोमच्या गाद्या त्याच्या अंगावर आपटतील आणि तो समोरच्या रिसीव्हरवरून नजर न काढता चेंडू सोडेल. उन्हाळ्यातल्या सेव्हन-ऑन-सेव्हनमध्ये, म्हणजे सात विरुद्ध सात जणांच्या सामन्यांत, हा मुलगा सगळ्यांना आवडला होता. पण तिथे लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीत धडका देणारे-घेणारे, नसतात, अंगावर कुणी येत नाही, आणि फेकायला चार सेकंद मिळतात. त्या चार सेकंदांवर आम्ही मोसमाचे मनोरे बांधले होते.

तक्त्यातला "हात कच्चे" हा शेरा मी कोचच्या समोर खोडला. नवा लिहिला नाही.

सोमवारी गणिताचा तास संपल्यावर अकरा नंबर बाकाजवळच रेंगाळला. फील्ड हाऊसच्या दारावरची यादी त्याने सकाळीच पाहिली असणार. म्हणाला, "मिस, तो आउटचा चेंडू माझ्यामुळे गेला. मी आधीच पुढे बघितलं."

"माहीत आहे. आणि बाकीचे चार?"

तो वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिला. क्वार्टरबॅक त्याचा पहिलीपासूनचा मित्र आहे, एकाच गल्लीत राहतात.

"तुला माहीत होतं ना, चेंडू उशिरा येतोय ते?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"त्याला रात्री झोप लागत नाहीये, मिस," तो म्हणाला. "मी म्हटलं, थोडे दिवस लोक माझ्यावर ओरडू देत."

घंटा झाली. तो दप्तर उचलून निघाला. दुपारी मी मैदानावर गेले तेव्हा सराव सुरू व्हायला अजून वीस मिनिटं होती. उन्हात दोघंच होते. एक दहा यार्डांवर पाठमोरा उभा, दुसऱ्याच्या हातात चेंडू, आणि पाठमोरा वळायच्या आत तो सुटलेला. मी गवतावर बसून फोनवरचं स्टॉपवॉच सुरू केलं.