रेंज फुल, तरी नेट संथ

नेट संथ झालं की बहुतेक घरांत सगळ्यात आधी रिपीटर (वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) आणला जातो. तो लावूनही फरक पडला नाही, की मग शोधाशोध सुरू होते. हा क्रमच उलटा आहे. पैसे खर्च करण्याआधी एकच गोष्ट पक्की करायची: अडचण बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये आहे, की राउटरपासून फोनपर्यंतच्या हवेत?

त्यासाठी लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, बाकीच्यांची डाउनलोडं थांबवा आणि स्पीड टेस्ट तीनदा घ्या. हे दुपारी एकदा करा आणि रात्री गर्दीच्या वेळी पुन्हा. केबलवर प्लॅनइतका वेग आहे आणि वायफायवर नाही, तर दोष हवेत. केबलवरही नसेल, तर वायफायच्या सेटिंग बदलून काहीही होणार नाही. वेळेसकट केबलवरचे आकडे लिहून तक्रार करा. वायफायवर घेतलेले आकडे दिले तर हमखास ‘राउटरच्या जवळ बसा’ एवढंच उत्तर मिळतं. आणि प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो हे विसरू नका. १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, त्यामुळे डाउनलोडच्या खिडकीत १२ दिसलं तर लाइन ठीक आहे.

केबलवर आकडा ९४च्या आसपास अडकून बसला असेल आणि प्लॅन त्याहून मोठा असेल, तर थांबा. ही लाइनची चूक नाही. कुठेतरी जोडणी १०० मेगाबिटवर झाली आहे. एक तर राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्टच तेवढा आहे, नाही तर केबलमध्ये खोट आहे. गिगाबिटला (१००० मेगाबिट) केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात. त्यामुळे बाकीच्या चारांपैकी एखादी तार तुटली किंवा तिचं क्रिम्पिंग (टोकाच्या प्लगमध्ये बसवणं) नीट झालं नाही, तर नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं. हीच गोष्ट फायबरचा डबा आणि राउटर यांच्यामधल्या वीतभर केबलला लागू होते, आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. कॅट ५ई किंवा कॅट ६ या दर्जाची नवी केबल लावून बघा.

लाइन निर्दोष ठरली की हवेकडे वळायचं. फोनवरच्या काड्या फक्त सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतात, त्या वाटेवर गर्दी किती आहे ते नाही. म्हणून रेंज फुल असूनही नेट रखडतं. खरा आकडा वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपमध्ये डीबीएममध्ये (सिग्नलची शक्ती मोजायचं एकक; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला) दिसतो. मॅकवर ऑप्शन की दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं तरी दिसतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या पुढे तुटातूट सुरू होते. ३ डीबी कमी म्हणजे शक्ती निम्मी, १० डीबी कमी म्हणजे दहावा हिस्सा. चार डीबीचा फरक किरकोळ समजू नका.

दुसरी परीक्षा त्याहून सोपी आहे. वायफायवरच्या लॅपटॉपवरून राउटरच्या पत्त्याला (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) पिंग करा (छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) आणि मिनिटभर चालू ठेवा. उत्तरं सलग काही मिलिसेकंदांत यायला हवीत. मध्येच दीडशे, दोनशे, टाइमआउट असं दिसलं, तर सिग्नल कितीही भक्कम असो, हवा खराब आहे.

खराब हवेचं नेहमीचं ठिकाण म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ हा वायफायचा रेडिओ पट्टा. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनल (पट्ट्याचे क्रमांक दिलेले भाग) तीनच: १, ६ आणि ११. शेजारी ६ वर असेल म्हणून आपण ८ घेणं सगळ्यात वाईट. एकाच चॅनलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून थांबतात, अर्धवट चढलेले नुसता गोंगाट करतात. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा, ४० नको. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात चालतो. यूएसबी ३ची हार्ड डिस्क राउटरला खेटून ठेवली तर तीही इथेच त्रास देते.

५ गिगाहर्ट्झच्या दुसऱ्या पट्ट्यावर जागा भरपूर, पण भिंती त्याला जास्त अडवतात. दोन्ही पट्ट्यांवरच्या वायफायचं नाव एकच असेल तर फोन अनेकदा २.४ला चिकटून राहतो, म्हणून तपासणीपुरती नावं वेगळी करा. ५ वरच्या चॅनल ५२ ते १४४ या भागात राउटरला रडारसाठी कान द्यावा लागतो. रडार जाणवलं की तो चॅनल सोडतो आणि जोडणी क्षणभर तुटते. असं वारंवार होत असेल तर ३६ ते ४८ मधला चॅनल कायम करा.

जागेबद्दल थोडक्यात: राउटर घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर. लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी यांच्या मागे नाही. अँटेना उभ्या ठेवा. त्यांचा सिग्नल टोकातून नाही, आजूबाजूला पसरतो.

सुरक्षेच्या सेटिंगमध्ये टीकेआयपी ही जुनी एन्क्रिप्शन पद्धत निवडलेली असेल तर वेग ५४ मेगाबिटच्या वर जात नाही. डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा.

एवढं करूनही लांबची खोली कोरडी राहिली, तरच दुसरा डबा आणा. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय लोक तो नेमका जिथे सिग्नल नाही तिथेच लावतात. तो अर्ध्या वाटेवर हवा, जिथे उणे ६५च्या आसपास मिळतं. त्याहून कितीतरी चांगलं म्हणजे केबल ओढून त्या खोलीत अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलने आलेलं नेट तिथे वायफायने देणारा डबा) बसवणं. केबल ओढणं कटकटीचं आहे, पण एकदाच करावं लागतं.

एक दोष या सगळ्यातून निसटतो: स्पीड टेस्ट छान, पण कुणी फोटो अपलोड करायला घेतले की कॉल तुटतो. मोठा अपलोड चालू ठेवून बाहेरच्या (राउटरच्या नव्हे, इंटरनेटवरच्या) पत्त्याला पिंग करा. २० मिलिसेकंदांचे ४०० झाले, तर राउटर किंवा मोडेमच्या रांगेत डेटाची पॅकेट तुंबत आहेत. राउटरमध्ये एसक्यूएमची (ही रांग तुंबू न देणारी व्यवस्था) सोय असेल तर ती चालू करा आणि दोन्ही दिशांची मर्यादा केबलवर मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवा. पुन्हा अपलोड लावा, पिंग बघा. अजून उड्या मारत असेल तर ८५ वर आणा.