रिपोर्टमधला न लिहिलेला आकडा

"इओसिनोफिल्स दिसतात." बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये एवढंच. या म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी. त्या किती, ते नाही. त्या एका आकड्यापायी मी ठाणे-वाशी लोकलच्या चार फेऱ्या मारल्या.

मागचं थोडक्यात सांगतो. भाकरी, चिकन उतरायचं नाही, घासागणिक पाणी लागायचं. सगळे म्हणायचे पित्त, मीही म्हणायचो. एका लग्नात घास असा अडकला की थुंकीही गिळवेना, तेव्हा दुर्बीण झाली. डॉक्टरांना अन्ननलिकेच्या ॲलर्जीचा संशय आला. पण ते पक्कं व्हायला या इओसिनोफिल पेशी सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या पॉवरखाली एका फील्डमध्ये, म्हणजे एका वेळी दिसणाऱ्या भागात, किमान 15 मोजल्या गेल्या पाहिजेत.

लॅबच्या काउंटरवर उत्तर मिळालं, "आमच्या फॉरमॅटमध्ये एवढंच येतं." दुसऱ्या फेरीला डॉक्टरांची चिठ्ठी नेली, तर स्लाइड तपासणाऱ्या मॅडम फक्त सकाळी येतात. तिसऱ्या फेरीला म्हटलं, स्लाइड द्या, दुसरीकडे दाखवतो. त्याला अर्ज हवा, आधारची झेरॉक्स हवी, आणि झेरॉक्सवाला जेवायला गेलेला. चौथ्यांदा सकाळीच जाऊन बाकड्यावर ठाण मांडलं. डब्यात दहीभात, तो तरी गिळता यायचा. मॅडम आल्या, स्लाइड पुन्हा पाहिली आणि पेनाने लिहिलं: 40. पाच मिनिटं लागली. पाच!

म्हणून दुर्बिणीआधीच फॉर्मवर "संख्या लिहा" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. बायोप्सीसाठी अन्ननलिकेचे तुकडेही वरचे-खालचे मिळून सहा तरी घ्यायला सांगा. सूज सगळीकडे सारखी नसते, नळी वरून चांगली दिसली तरी आत असू शकते.

काहींना नुसत्या ॲसिडच्या गोळ्यांनी उतार पडतो. मला नाही पडला. मग ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड, नेब्युलायझरचंच, पण मधात घोटून गिळायचं. मेडिकलवाला माझ्याशी वाद घालत होता, "हे वाफेचं आहे हो!" वर अर्धा तास पाणीसुद्धा नाही, नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते. हो, आणि हातावर टोचून केलेल्या तपासणीत मी उगाच पैसे घातले. या आजारात कुठलं अन्न बाधतं ते तिच्यातून नीट कळत नाही. दूध आणि गहू डॉक्टरांनी बंद करायला लावले. चहाविना दिवस काढणं गिळण्यापेक्षा अवघड गेलं.

बारा आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण. फॉर्मवर "संख्या लिहा" हे या वेळी मीच ठळक अक्षरांत लिहिलं. रिपोर्ट आला: 4. माझ्या आडनावात एक अक्षर चुकलंय. ते दुरुस्त करायला मी काही वाशीला जाणार नाही.