गव्हर्नरला आलेली पत्रं, तुरुंगातून गेलेली पत्रं

आज परत लिरॉय कॉलिन्सबद्दल वाचत बसले होते. फ्लोरिडाचा गव्हर्नर, दक्षिणेतला गोरा डेमोक्रॅट, आणि १९५६ ची निवडणूक लढवताना तोही काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळांचीच बाजू घेत होता, हे विसरून चालणार नाही. हाच माणूस २० मार्च १९६० ला टीव्ही-रेडिओवरून अख्ख्या राज्याला सांगतो की दुकानदार काळ्या गिऱ्हाइकाला बाकी सगळ्या काउंटरवर माल विकतो, पैसे घेतो आणि फक्त खाण्याच्या काउंटरवर बसू देत नाही, तर कायद्याने त्याला तो हक्क असेलही पण हा अन्याय आहे, नीतीला धरून नाही.

मग पत्रं आणि तारा सुरू झाल्या. कोणी पाठ थोपटली, कोणी झोडपलं. मला पाठ थोपटणाऱ्या गोऱ्या लोकांचं खरंच कौतुक वाटतं, त्या काळात तिथे राहून, शेजारीपाजारी काय म्हणतील हे माहीत असताना गव्हर्नरला आपल्या नावानिशी असं लिहायचं म्हणजे छाती लागते.

पण मन अडकतं ते दुसऱ्याच पत्रांत. गव्हर्नर बोलत होता तेव्हा त्याच्याच राजधानीत, टॅलाहासीच्या तुरुंगात, पॅट्रिशिया स्टीफन्स आणि तिची बहीण प्रिसिला होत्या. कॉलेजच्या काळ्या पोरी! गुन्हा काय, तर वूलवर्थ नावाच्या दुकानात खाण्याच्या काउंटरवर बसून खायला मागितलं. ३०० डॉलर दंड भरा नाहीतर ६० दिवस आत, आणि त्यांनी दंड भरायला साफ नकार दिला, ४९ दिवस काढले. त्याआधी १२ मार्चच्या मोर्चावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला, त्यात पॅट्रिशियाचे डोळे असे दुखावले की पुढे आयुष्यभर काळा चष्मा लावावा लागला. तिने आतून पत्रं लिहिली, आम्ही अपील करून बाहेर येऊ शकतो पण येणार नाही, आणि तिचं पत्र जॅकी रॉबिन्सनने, हो तोच नावाजलेला काळा बेसबॉलवाला, पेपरातल्या आपल्या कॉलममध्ये छापलं.

भाषण झालं तरी त्या मेपर्यंत आतच होत्या.

कॉलिन्सलाही किंमत मोजावी लागली, अलाबामातल्या सेल्मात १९६५ ला काळ्यांच्या मतदानहक्काच्या मोर्चावेळी मध्यस्थी करायला गेला, मार्टिन ल्यूथर किंगबरोबर चालतानाचा फोटो निघाला आणि १९६८ च्या सिनेटच्या निवडणुकीत विरोधकांनी तोच फोटो वाटला, हरला. माझ्या मनात त्याच्याबद्दल आदर आहे. पण त्याचं भाषण शिकवायचं असेल तर शेजारी पॅट्रिशियाचं पत्र ठेवा, कारण त्या पोरी काउंटरवर बसल्याच नसत्या तर त्या रविवारी गव्हर्नरला बोलावंच लागलं नसतं.