शिळ्या कुस्कऱ्याचं ड्रेसिंग

आज थँक्सगिव्हिंग. अटलांटात नववं वर्ष, पण कॉर्नब्रेड ड्रेसिंग, म्हणजे मक्याच्या पिठाचा ब्रेड कुस्करून पुन्हा भाजतात तो पदार्थ, स्वतः करायची पहिलीच वेळ. शेजारच्या आजींनी बजावलं होतं, "ब्रेड आदल्या दिवशी भाज, आणि साखर अजिबात नको!" काल रात्री बिडाच्या तव्यात भाजला, सकाळी हाताने कुस्करला. अगदी शिळ्या भाकरीचा कुस्करा करतेय असंच वाटलं. मग लोण्यात परतलेला कांदा-सेलरी, सेजचा सुवासिक पाला, अंडी, चिकनचा स्टॉक. मिश्रण चांगलं सैल हवं, पण मी भीतभीत स्टॉक कमी घातला. ३५० फॅरनहाइटला पाऊण तास. कडा खरपूस, मधे जरा कोरडंच.

जेवताना नवऱ्याच्या तोंडून 'स्टफिंग' निघालं. आजींनी डोळे वटारले. टर्की पक्ष्याच्या पोटात भरतात ते स्टफिंग, इथे अमेरिकेच्या दक्षिणेत ड्रेसिंगच! मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं त्यांनी. ग्रेव्ही मात्र जरा जास्तच ओतली.