करारातून जन्मलेली कमांड: पूर्व जर्मनीतील प्रादेशिक संरक्षणाचा इतिहास

१२ सप्टेंबर १९९० रोजी मॉस्कोमध्ये सह्या झालेल्या ‘दोन अधिक चार’ कराराच्या (दोन जर्मन राष्ट्रे आणि दुसऱ्या महायुद्धातली चार विजेती राष्ट्रे यांच्यातील, जर्मनीच्या एकीकरणाच्या कराराच्या) पाचव्या कलमात एक अट आहे, आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. सोव्हिएत फौजा पूर्व जर्मनीतून पूर्णपणे बाहेर पडेपर्यंत त्या भूमीवर जर्मनीला केवळ प्रादेशिक संरक्षणाच्या तुकड्या ठेवता येतील, आणि त्या तुकड्या नाटोच्या लष्करी रचनेत सामील नसतील, असे ते कलम सांगते. त्यानंतर तिथे जी कमांड उभी राहिली तिचे नाव, तिची रचना आणि तिच्या मर्यादा या सगळ्यांचे मूळ या अटीत आहे. लष्करी संघटना सहसा धोका आणि भूगोल पाहून आखल्या जातात. इथे मात्र आराखडा आधी परराष्ट्र मंत्रालयांच्या टेबलावर ठरला आणि सेनापतींना तो नंतर अमलात आणावा लागला.

‘प्रादेशिक’ या शब्दामागे पश्चिम जर्मनीचा तीन दशकांहून अधिक काळाचा अनुभव होता. शीतयुद्धाच्या काळात बुंडेसवेअरचे, म्हणजे पश्चिम जर्मन सैन्याचे, लढाऊ भूदल युद्ध सुरू होताच नाटोच्या हाताखाली जाणार होते. त्याच्या पाठीमागचा मुलूख सांभाळायला मात्र एक वेगळे प्रादेशिक सैन्य होते, आणि ते युद्धकाळातही राष्ट्रीय अधिपत्याखालीच राहणार होते. पूल, रस्ते आणि कोठारे यांचे रक्षण, मित्रदेशांच्या फौजांची वाहतूक आणि रसद, राज्य सरकारांशी व नागरी यंत्रणेशी संपर्क ही त्याची कामे होती, आणि त्यात मोठा भरणा राखीव सैनिकांचा होता. महत्त्वाकांक्षी अधिकाऱ्याला रणगाड्यांची डिव्हिजन हवी असे, प्रादेशिक कमांडमधली नेमणूक नको असे. या दुय्यम समजल्या गेलेल्या शाखेचे स्वरूप पूर्वेत एकाएकी भूदलाचे एकमेव कायदेशीर स्वरूप ठरले, हा नियतीचा विनोदच म्हणावा लागेल.

३ ऑक्टोबर १९९० रोजी बर्लिनच्या पूर्वेला असलेल्या श्ट्राउसबर्ग येथे, म्हणजे जिथे आदल्या दिवसापर्यंत पूर्व जर्मनीचे संरक्षण मंत्रालय होते तिथेच, ‘बुंडेसवेअर कमांड पूर्व’ सुरू झाली. संरक्षणमंत्री गेर्हार्ड श्टोल्टेनबर्ग यांनी तिची सूत्रे लेफ्टनंट जनरल योर्ग शोनबोम यांच्या हाती दिली. पूर्व जर्मनीचे शेवटचे संरक्षणमंत्री राइनर एपेलमान पेशाने पाद्री होते. तरुणपणी सैनिकी शपथ नाकारल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला होता. एकत्र जर्मनीत काही काळ तरी दोन सैन्ये नांदतील अशी त्यांची आशा होती, पण ती फोल ठरली आणि २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री राष्ट्रीय लोकसेना, म्हणजे पूर्व जर्मनीचे सैन्य, अस्तित्वातून गेली. शोनबोम यांचा जन्म ब्रांडेनबुर्गमधल्या बाड झारोचा. १९४५ मध्ये लहान वयात त्यांचे कुटुंब पश्चिमेकडे पळाले होते, त्यामुळे ज्या मुलखाची जबाबदारी त्यांच्यावर आली तो त्यांच्या जन्माचा मुलूख होता.

या कमांडला लढाई करायची नव्हती. सुमारे ९०,००० सैनिक, दोन हजारांहून अधिक रणगाडे, जवळपास तीन लाख टन दारूगोळा आणि शेकडो छावण्या एवढा पसारा तिच्या ताब्यात आला होता, आणि त्यातल्या बहुतेकाची विल्हेवाट लावायची होती. एरवी भूदल, हवाई दल आणि नौदल यांना स्वतंत्र वरिष्ठ असतात, पण इथे सुरुवातीचे नऊ महिने तिन्ही दले एका जनरलच्या हाताखाली होती. माझ्या मते हा निर्णय अतिशय शहाणपणाचा होता, कारण कोठारावर पहारा कोण देणार यासारख्या प्रश्नासाठी बॉनमधल्या संरक्षण मंत्रालयापर्यंत तीन वेगवेगळे कागद पाठवत बसायला वेळ नव्हता.

पहाऱ्याचा प्रश्न खरोखरच मोठा होता. लोकसेनेत ८५ टक्के सैनिक कायम छावणीत हजर असले पाहिजेत असा दंडक होता. त्यामुळे रजा दुर्मीळ होती आणि शनिवार-रविवारीही बरॅकी भरलेल्या असत. बुंडेसवेअरचे नियम लागू होताच सक्तीच्या सेवेतले तरुण आठवड्याअखेरीस घरी जाऊ लागले, आणि शस्त्रांनी भरलेल्या कोठारांभोवती उभे राहायला माणसे कमी पडू लागली. बरॅकींची अवस्थाही बिकट होती. तपकिरी कोळशावर चालणाऱ्या भट्ट्या, जुनाट स्वयंपाकघरे आणि मोडकळीला आलेली स्वच्छतागृहे पाहून पश्चिमेहून आलेले अधिकारी चकित होत. लोकसेनेने रणगाडे उत्तम निगेत ठेवले होते, माणसांच्या राहण्याकडे मात्र दुर्लक्ष केले होते.

माणसांचा हिशेब सर्वांत अवघड होता. लोकसेनेचे सगळे जनरल आणि अ‍ॅडमिरल, राजकीय अधिकारी आणि ५५ वर्षांवरील मंडळी यांना घरी पाठवण्यात आले. उरलेल्या अधिकाऱ्यांपैकी निवडक जणांना दोन वर्षांच्या कराराने, अनेकांना खालच्या हुद्द्यावर, घेण्यात आले. त्यानंतर गुप्त पोलिसांशी संबंध होता का याची छाननी झाली, आणि शेवटी सुमारे ३,००० अधिकारी कायम राहिले. आदल्या महिन्यात रेजिमेंट चालवणारा माणूस आता आपल्याहून वयाने लहान असलेल्या पश्चिमेकडच्या अधिकाऱ्याला सॅल्यूट करत होता, आणि त्याची लोकसेनेतली वर्षे कागदोपत्री ‘परकीय सैन्यातील सेवा’ म्हणून नोंदली जात होती. ही नोंद बरीच वर्षे तशीच राहिली. कायद्याच्या तर्कात ती बसत असेल, पण ज्याला सैन्यात ठेवून घ्यायचे त्याच्या आयुष्याला परके ठरवणे मला अनावश्यक वाटते.

३० जून १९९१ रोजी श्ट्राउसबर्गची कमांड विसर्जित झाली आणि भूदलासाठी पॉट्सडामजवळ ‘कोअर आणि प्रादेशिक कमांड पूर्व’ कामाला लागली. शोनबोम यांचे उपप्रमुख असलेले वेर्नर फॉन शेवेन तिचे प्रमुख झाले. नावातच दोन संस्था एकत्र नांदत होत्या: कोअर म्हणजे लढाऊ मुख्यालय आणि प्रादेशिक कमांड म्हणजे मुलखाचे मुख्यालय. तिच्या हाताखाली लाइपझिगला सातवी आणि नॉयब्रांडेनबुर्गला आठवी विभागीय कमांड आली. ही शहरे नव्याने शोधलेली नव्हती, कारण लोकसेनेच्या तिसऱ्या आणि पाचव्या लष्करी विभागांची मुख्यालये तिथेच होती. इमारती, दूरध्वनीच्या तारा आणि सरावाची मैदाने तयार असल्यावर दुसरीकडे जाण्याचे कारणही नव्हते. त्यांच्याखाली ज्या ब्रिगेड उभ्या राहिल्या त्यांना ‘हाइमाटशुट्झ’, म्हणजे स्वभूमी-रक्षक, हे नाव मिळाले. काही तुकड्यांना सुरुवातीला सोव्हिएत बनावटीची बीएमपी-१ ही चिलखती वाहनेच वापरावी लागली. जर्मन सुरक्षा नियमांत बसावे म्हणून त्यांतले अ‍ॅस्बेस्टॉस काढले गेले, दिवे बदलले गेले आणि बाजूला आरसे बसवले गेले.

हे सगळे चालू असताना त्याच मुलखात सुमारे ३,४०,००० सोव्हिएत, नंतर रशियन, सैनिक होते आणि त्यांचे मुख्यालय बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडॉर्फला होते. प्रादेशिक कमांडपेक्षा पाहुण्यांची फौज कितीतरी मोठी होती. त्यांच्या गाड्यांचे मार्ग, रिकाम्या होणाऱ्या छावण्या, सरावाच्या मैदानांवरचा उरलेला दारूगोळा यांवर सतत बोलणी करावी लागत. ३१ ऑगस्ट १९९४ रोजी बर्लिनमध्ये बोरिस येल्त्सिन यांच्या उपस्थितीत शेवटच्या तुकड्यांना निरोप दिला गेला, आणि पाचव्या कलमाचा बांध सुटला. अण्वस्त्रे आणि परदेशी फौजा पूर्वेत ठेवण्यावरची बंदी मात्र कायम राहिली. १९९५ पासून पॉट्सडामचे मुख्यालय चौथी कोअर या नावाने नाटोशी जोडले गेले.

ज्याला दुय्यम म्हणत होते त्या प्रादेशिक कामाची खरी कसोटी १९९७ च्या उन्हाळ्यात ओडर नदीच्या पुरात लागली. एगेसिनमध्ये पूर्वेच्या पहिल्या ब्रिगेडांपैकी एक उभी करणारे हान्स-पीटर फॉन किर्शबाख तेव्हा नॉयब्रांडेनबुर्गच्या डिव्हिजनचे प्रमुख होते. टप्प्याटप्प्याने सुमारे ३०,००० सैनिक बंधाऱ्यांवर उतरले. त्सिल्टेनडॉर्फचा सखल भाग पाण्याखाली गेला, पण होहेनवुट्सेनचा खचत चाललेला बंधारा वाळूच्या पोत्यांनी सावरला गेला. लढाऊ डिव्हिजन आणि मुलखाची कमांड एकाच प्रमुखाकडे असल्याने जिल्हा प्रशासनाशी बोलणारा आणि तुकड्यांना हुकूम देणारा माणूस एकच होता. ही दुहेरी टोपी मूळची काटकसरीची सोय होती, पण पुरात ती फारच उपयोगी पडली.

पुढची पुनर्रचना मी थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतांशी आकडे आणि पत्ते बदलण्याची कहाणी आहे. २००१ मध्ये देशभरच्या विभागीय कमांड चारवर आल्या आणि पूर्वेच्या बहुतेक भागासाठी एरफुर्टला एक आली. २००७ मध्ये प्रत्येक राज्याला स्वतःची राज्य कमांड मिळाली. २०१३ मध्ये उरलेल्या विभागीय कमांडही संपल्या आणि बर्लिनमध्ये प्रादेशिक कार्यांची एकच कमांड राहिली. युक्रेनवरील आक्रमणानंतर, १ ऑक्टोबर २०२२ रोजी, तिथेच कार्स्टन ब्रॉयर यांच्या नेतृत्वाखाली ‘प्रादेशिक नेतृत्व कमांड’ उभी राहिली. १ एप्रिल २०२५ रोजी स्वभूमी-रक्षणाच्या तुकड्या भूदलाच्या एका स्वतंत्र डिव्हिजनमध्ये आल्या. परदेशी मोहिमा आणि देशांतर्गत संरक्षण यांची सूत्रे आता एकाच संयुक्त कमांडकडे असून, तिचे एक ठाणे पॉट्सडामजवळ श्वीलोझे येथे, म्हणजे चौथ्या कोअरचे मुख्यालय जिथे होते त्याच आवारात आहे.