सरांची प्रश्नवही

शाळेच्या स्मरणिकेसाठी विषय शोधावा लागला नाही, पण परवानगी मात्र घ्यावी लागली. आमच्या विज्ञानाच्या सरांना फोन केला, म्हटलं सर तुमच्यावर लिहू का, आजारपणावर पण. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. सरांशी फोनवर बोलताना ही शांतता नवीन माणसाला कळत नाही, त्याला वाटतं फोन कट झाला, पण सरांना बोलण्याआधी श्वास घेऊन गळ्यावरच्या भोकावर अंगठा दाबावा लागतो, मग आवाज येतो. जाड, खालच्या पट्टीतला, थोडा खरखरीत. म्हणाले, "लिही. नाव नको टाकू. पण सिगरेटचं लिही, ते गाळणार असशील तर बाकीचं पण नको."

ज्यांना सर शिकवायला होते त्यांना त्यांचा जुना आवाज आठवत असेलच. आमच्या वर्गात साठच्या वर मुलं, आणि शेवटच्या बाकावर बसलं तरी सर जणू शेजारी उभे राहून बोलतायत असं वाटायचं. ओरडायचे नाहीत कधी, आवाजच तसा होता. ध्वनीचा धडा तर अजून जसाच्या तसा डोळ्यासमोर आहे. नादकाटा रबरावर आपटायचा आणि पाण्याच्या ग्लासात टेकवायचा, की पाणी उडून पहिल्या बाकावरच्या वह्या ओल्या. मग सगळ्यांना स्वतःच्या गळ्यावर बोटं ठेवायला लावायचे, म्हणा आऽऽ, आणि साठ गळ्यांची ती थरथर आपापल्या बोटांना. प्रतिध्वनीसाठी तर अख्खा वर्ग बाहेर, इमारतीच्या मागच्या भिंतीसमोर. आधी भिंतीजवळ उभं करून टाळी वाजवायला सांगायचे, काही ऐकू यायचं नाही. मग टेप घेऊन १७ मीटरच्या थोडं पलीकडे न्यायचे आणि परत टाळी. यावेळी भिंतीकडून टाळी परत यायची. कारण नंतर सांगायचे, की कानात पडलेला आवाज मेंदूत ०.१ सेकंद रेंगाळतो, तेवढ्यात ध्वनी साधारण ३४ मीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन तेवढं अंतर झालं तरच दुसरी टाळी वेगळी कळणार. आधी अनुभव आणि मग कारण, हा त्यांचा क्रम कधी चुकला नाही.

आणि त्यांच्याकडे एक वही होती. लाल पुठ्ठ्याची, जाडजूड. वर्गात कुणी असा प्रश्न विचारला की ज्याचं उत्तर त्यांना लगेच देता येत नाही, तर ते रागवायचे नाहीत किंवा टोलवायचे पण नाहीत, वही काढून प्रश्न लिहायचे, पुढे विचारणाऱ्याचं नाव आणि तारीख, आणि म्हणायचे "उद्या सांगतो". त्या वहीत नाव जावं म्हणून आम्ही घरी बसून प्रश्न शोधायचो, खरंच सांगते. माझं नाव एकदाच गेलं. गळ्यावर बोट ठेवून मी शेजारणीच्या कानात कुजबुजत होते आणि लक्षात आलं की बोटाला काहीच कळत नाहीये. म्हणून विचारलं, सर, कुजबुजताना गळा थरथरत नाही, मग ऐकू कसं येतं? सरांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून दोनदा कुजबुजून बघितलं आणि वही काढली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, की कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत, त्यांच्यातल्या अरुंद फटीतून फुप्फुसातली हवा खळबळत बाहेर येते, त्या हवेचा आवाज असतो तो. मी समाधानी झाले आणि विसरून गेले. सर विसरले नव्हते.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांत सरांचा आवाज बसला. मी त्या काळात एकदा फोन केला होता, आवाज घोगरा लागत होता, म्हणाले सर्दीने घसा बसलाय, मी पण बरं म्हटलं आणि फोन ठेवला. हे मला अजून टोचतं. गुळण्या झाल्या, वाफ झाली, जवळच्या डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिली, असे चार महिने गेले, आणि शेवटी निघाला स्वरयंत्राचा कॅन्सर. तीन आठवड्यांपेक्षा जास्त आवाज बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने घसा तपासून घ्यायचा असतो, ही एवढी गोष्ट आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हती, मला नव्हती आणि सरांना पण नव्हती. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने कृपया घरी सांगा, विशेषतः घरात कुणी सिगरेट-तंबाखूवालं असेल तर.

सर कॉलेजपासून सिगरेट ओढायचे. दिवसाला चार-पाच, शाळेच्या आवारात कधीच नाही, आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. फुप्फुसाच्या धड्याला तंबाखूवर तळमळीने बोलणारे आमचे सर. मला हे कळलं तेव्हा खूप वाईट वाटलं, फसवल्यासारखं पण वाटलं थोडं. बायोप्सीच्या दिवशी सुटली ती कायमची. स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये तंबाखूचा वाटा सगळ्यात मोठा असतो हे सर स्वतः सांगतात. पण एक मला सांगावंसं वाटतं, कधीच न ओढणाऱ्यांना पण हा आजार होतो, त्यामुळे पेशंटला भेटायला जाऊन पहिला प्रश्न "ओढत होता का" हा विचारू नये. सरांना तो किती जणांनी विचारला असेल त्याची गणती नाही.

लवकर सापडला असता तर नुसत्या रेडिएशनवर किंवा लेसरवर भागलं असतं आणि आवाज पण बराचसा राहिला असता. पण गाठ स्वरतंतूवरून पुढे कूर्चेत, म्हणजे तिथल्या मऊ हाडात, शिरली होती. पूर्ण स्वरयंत्र काढावं लागलं. म्हणजे नेमकं काय होतं हे मला आधी माहीत नव्हतं. श्वासनलिका वर घशात उघडायच्या ऐवजी गळ्यावर पुढे उघडी करून शिवतात, तिथूनच श्वास, कायमचा. नाकातोंडाचा आणि फुप्फुसांचा संबंध संपला. मग शिंक पण गळ्यातूनच येते, श्वास कोंडून जोर लावता येत नाही म्हणून जड वस्तू उचलणं अवघड होतं, पाण्यात उतरणं बंद होतं. आणि टेबलावरची खडूची भुकटी फुंकून उडवायची सरांची सवय होती, ती पण गेली. तोंडाने फुंकर मारायला तोंडात फुप्फुसातली हवाच येत नाही.

ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी मी भेटायला गेले. नाकात नळी, गळ्यावर पट्टी, आणि हातात पाटी. मला बघून पाटीवर लिहिलं, "बस." मी बसले आणि रडायलाच लागले, तर त्यांनी पाटी पुसून बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे फिरवली. "तुझा कुजबुजीचा प्रश्न. उत्तर दिलं होतं पण पुरतं आज कळलं. आता कुजबुजता पण येत नाही. हवा तोंडात येतच नाही." त्या अवस्थेत त्यांनी माझा शाळेतला प्रश्न आठवून ठेवला होता, मला पुढचं काही बोलताच आलं नाही.

मग रेडिएशन, आठवड्यातले पाच दिवस, असे सहा आठवडे, ३० वेळा. त्यासाठी जाळीदार प्लास्टिकचा मास्क करतात, ते प्लास्टिक गरम पाण्यात मऊ पडतं, चेहऱ्यावर आणि मानेवर ताणून बसवतात, मिनिटांत कडक होतं, मग रोज तोच मास्क घालून टेबलाला पक्का अडकवतात म्हणजे मान हलत नाही आणि किरण रोज त्याच जागी पडतात. बंद जागेची भीती असणाऱ्यांना हे फार जड जातं, सरांना पण गेलं. आडवं पडल्या पडल्या ते मनात १८९५, राँटगेनचे क्ष-किरण, १८९८, रेडियमचा शोध, असे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेले सन म्हणत राहायचे, तेवढ्यात मशीन थांबायचं. तो मास्क त्यांनी मागून घेतलाय. का ते पुढे सांगते.

नंतरचं दीड वर्ष वाईट होतं. गळ्याला लावायचं एक इलेक्ट्रॉनिक यंत्र मिळालं होतं, त्याने बोलता यायचं पण ते एकाच सुरात गुणगुणतं, नातू घाबरून कानावर हात ठेवायचा, मग सरांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं. भेटायला गेलेल्यांना काकू बाहेरूनच सांगायच्या, झोपलेत. एकदा गॅसचं बटण चालू राहिलं आणि त्याच खोलीत बसून सरांना वास आला नाही, कारण नाकातून हवा जात नाही म्हणून वासपण जातो, काकू बाहेरून आल्या म्हणून निभावलं. त्या दिवसानंतर घरात गॅसची सूचना देणारा अलार्म बसला. सर म्हणतात त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा राग आला, आजारपणाचा नाही, स्वतःचा, की आपण या नव्या शरीराचा अभ्यासच केला नाही.

आणि मग अभ्यास सुरू झाला. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या भिंतीत एक छोटा एकतर्फी व्हॉल्व्ह बसवतात. गळ्याचं भोक अंगठ्याने बंद केलं की फुप्फुसातली हवा त्या व्हॉल्व्हमधून अन्ननलिकेत जाते, तिचा वरचा भाग थरथरतो आणि तोंड त्याचे शब्द करतं. अन्नपाणी उलट श्वासनलिकेत येत नाही. सरांनी हे मला कागदावर आकृती काढून, बाण दाखवून समजावलं, आणि म्हणाले, "थरथरणारी वस्तू बदलली गं, नियम तोच आहे." स्वरयंत्राच्या कॅन्सरसाठी पूर्ण स्वरयंत्र काढायचं ऑपरेशन बिलरोथ नावाच्या सर्जनने १८७३ मध्ये व्हिएन्नात केलं, आणि ब्लॉम आणि सिंगर यांचा हा व्हॉल्व्ह जगापुढे आला १९८० च्या सुमारास, म्हणजे सर नोकरीला लागले तेव्हा तो नव्हताच. हे सांगताना त्यांचा चेहरा बघायला हवा.

व्हॉल्व्ह बसला म्हणजे आवाज आला असं नाही. नातीच्या वयाची स्पीच थेरपिस्ट समोर बसून म्हणायची, सर परत म्हणा, आणि सर परत म्हणायचे. घरी वही केली. तारीख, एका श्वासात किती आकडे मोजता आले, कुठे अडलं. पहिल्या पानावर आहे "आ, तीनदा. चौथ्यांदा फक्त हवा." मग ४ पर्यंत, ७ पर्यंत, मधे दोन आठवडे व्हॉल्व्ह गळत होता म्हणून कोरे. व्हॉल्व्हवर बुरशी धरते, काही महिन्यांनी बदलावा लागतो, रोज छोट्या ब्रशने साफ करावा लागतो. तोंड मिटून जांभई दिल्यासारखा जबडा खाली केला की नाकात थोडी हवा ओढली जाते आणि वास येतो, हे पण शिकले, रोज सराव, परत आलेला पहिला वास नव्या वहीच्या पानांचा असं त्यात लिहिलंय. ज्या माणसाने आम्हाला प्रयोगवही नीट लिहायला शिकवलं तोच ती लिहीत होता, विद्यार्थी होऊन. ही वही मी वाचली तेव्हा ठरवलं की स्मरणिकेत हेच लिहायचं.

या वर्षी ऑपरेशनला पाच वर्षं पूर्ण झाली. तपासणी आता वर्षातून एकदा. रेडिएशनने थायरॉईड मंदावलंय त्याची रोज सकाळी एक गोळी, बाकी ठीक. आणि सर परत कामाला लागलेत.

महिन्यातून दोनदा ते वॉर्डात जातात, ज्यांचं हेच ऑपरेशन व्हायचंय त्यांच्याजवळ बसायला. सोबत तो मास्क असतो. पेशंटला हातात घेऊ देतात, घालून बघू देतात. डॉक्टरांनी कितीही सांगितलं तरी "बोलता येईल" हे त्याच गळ्यातून ऐकणं वेगळं, एक बाई तर सर बोलल्यावर नवऱ्याचा हात धरून नुसत्या बसून राहिल्या होत्या. दुसरं, शाळेत प्रथमोपचार शिकवताना गळ्याने श्वास घेणाऱ्या माणसाचं पण शिकवा अशी त्यांची मागणी आहे. असा माणूस कोसळला तर तोंडाने श्वास देऊन काही उपयोग नाही, गळ्याच्या भोकातून द्यावा लागतो, आणि तिथला रुमाल आधी बाजूला करावा लागतो. हे मुलांना कळलं पाहिजे आणि मोठ्यांना तर कळलंच पाहिजे.

तिसरं काम आपल्या सगळ्यांचं आहे. ती लाल वही. खरं म्हणजे वह्या, तीन भरल्यात. त्यातल्या प्रश्नांची त्या वेळी दिलेली उत्तरं सरांना आता अपुरी वाटतात, काही तर चूक वाटतात, ती सगळी नव्याने लिहायची आहेत आणि शाळेच्या लायब्ररीत ठेवायची आहेत. मी टाईप करतेय, पहिली वही झाली. तुमचं नाव असेल तर तुमचा प्रश्न तुम्हाला पाठवीन, उत्तर शोधायला तुम्हीच मदत करायची आहे. आपल्यातले कितीतरी जण आज डॉक्टर, इंजिनिअर, शेतकरी, शिक्षक आहेत, सरांना नेमके तेच हवेत.

गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांनी सरांना नववीला ध्वनी शिकवायला बोलावलं, मी पण मागे बसले होते. खडूची धूळ गळ्यात जाऊ नये म्हणून भोकावर फिल्टर, फळा पांढरा, एका हातात मार्कर आणि दुसरा हात गळ्याशी. नादकाटा तोच जुना. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचावा म्हणून छोटा माईक लावला होता. सिगरेटचं त्यांनी मुलांना पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं, काही न लपवता. वर्ग एकदम शांत झाला. मग धडा. शेवटी म्हणाले विचारा. बराच वेळ कुणी हात वर करेना, मग खिडकीजवळचा एक मुलगा उठला आणि चाचरत म्हणाला, सर, तुम्ही आता झोपेत घोरता का?

बाईंनी त्याला गप्प करायला हात वर केला होता, पण सर थांबा म्हणाले. घोरणं म्हणजे श्वासाची हवा घशातल्या सैल भागांवरून जाताना त्यांची होणारी थरथर, आता त्या वाटेने हवाच जात नाही, म्हणजे घोरायला नको... एवढं बोलून अंगठा काढला, श्वास घेतला, परत ठेवला. "पण झोपेत मी स्वतःला ऐकत नाही. घरी विचारून उद्या सांगतो." आणि पिशवीतून वही काढून प्रश्न लिहिला, पुढे त्याचं नाव आणि तारीख.